आबांचं इंजिन

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. आबा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मले, पण खातं आपल्याहून धाकटं आहे अशाच थाटात ते त्याच्याकडे बघतात. दुपारचं बुलेटिन मोबाईलवर वाचून झालं की चष्मा कपाळावर सारायचा, हात लांब करून मोबाईल परत एकदा न्याहाळायचा आणि निकाल द्यायचा, "पोरांनी लिवल्यानी बरा. वाऱ्यात वायच चुकले." पोरं म्हणजे पुण्या-मुंबईतले शास्त्रज्ञ. त्यांतला एखादा निवृत्तीला टेकलेला असला तरी पोरच.

मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर असा एक आबा वाडीगणिक असतो. दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, इकडे सर्जेकोट, तळाशील, तोंडवळी, कुठेही उतरा. कुठे त्याला भाई म्हणतात, कुठे दादा, कुठे तात्या. मी आपलं सोयीसाठी आबा म्हणतो, आणि वाडी कुठली ते सांगत नाही. सांगितलं तर बाकीच्या वाड्यांतले आबा रागावतील. सत्तरीच्या आसपासचं वय, गुडघ्यांनी दर्यावर जायला केलेली मनाई, डोक्याला टॉवेल, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटात लटकवलेला मोबाईल. मालमत्ता म्हणाल तर फायबरची एक होडी, थोडी जाळी आणि होडीला लावायचं आउटबोर्ड इंजिन. या इंजिनाकडे लक्ष ठेवा. वाडी ठेवते.

जागाच अशी आहे की इथे अंदाज बांधणं हा रिकामटेकड्यांचा छंद राहत नाही. देवबाग घ्या. पश्चिमेला दर्या, पूर्वेला कर्लीची खाडी, मधल्या चिंचोळ्या पट्टीवर रस्ता, घरं, माड, शाळा आणि आता होमस्टे. दर्याच्या अंगाला काळ्या दगडांचा बंधारा. उधाणाला दर्या पुढल्या दारी येतो, पावसाळ्यात खाडी मागल्या दारी. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक दांडा वर आलाय. तो २००४ च्या त्सुनामीनंतर आला असं सांगतात, म्हणून त्याचं नाव 'त्सुनामी आयलंड', आणि तिथे बनाना बोटीवर बसायला पर्यटकांची रांग लागते. आपत्तीचं नाव लावून धंदा करायची हिंमत आमचीच. आबांचा धाकटा तिथे पाहुण्यांना लाइफ जॅकेट बांधून देतो. वादळाची बातमी फुटली की त्याला मुंबईहून फोन येतात. बुकिंग रद्द करायला नव्हे. "दर्याच्या बाजूची खोली मिळेल ना, वादळ बघायला?"

आबांची साधनं बरीच आहेत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दर्याची गाज कुठल्या अंगाने येते ते ऐकायचं. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढतात का बघायचं. कावळ्याने घरटं आंब्याच्या शेंड्याला बांधलं की मधल्या फांदीला, चंद्राला खळं पडलं का, पडलं तर किती मोठं. हे सगळं बापाकडून आलेलं. बंदरावरचा बावटा सरकारकडून आलेला. तीन नंबर लागला की होडी वर ओढायची, एवढं त्यात कळतं. आणि नातवाने मोबाईलवर घालून दिलेलं विंडी. त्यात अरबी समुद्रावर रंग फिरत असतात. हिरव्याला आबा हुंगतही नाहीत, जांभळा दिसला की उठून उभे राहतात. मुंग्या आणि विंडी यांचं जमलं नाही, तर आबा मुंग्यांच्या बाजूने. "तेंका रिचार्ज लागना नाय."

खात्याशी त्यांचं भांडण तत्त्वाचं आहे. खातं 'येणार' म्हणालं की आबा "येवचा नाय" म्हणतात. खातं गप्प असलं की त्यांना चैन पडत नाही आणि ते स्वतःच लक्षद्वीपच्या बाजूला एखादा कमी दाबाचा पट्टा उभा करतात. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस गेला की खातं त्याला सगळ्यात वरच्या श्रेणीत टाकतं, हे त्यांना पाठ आहे, आणि त्यातल्या दशांश चारावर त्यांचा खास राग. "पॉइंट चार मोजूक येता तेंका. माझो माड खयच्या बाजूक पडतलो, ता इचार."

वाऱ्याच्या आकड्यांवरही त्यांचं बारीक लक्ष. मालवणात राजकोटला डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवरायांचा पुतळा पुढच्या ऑगस्टमध्ये कोसळला, तेव्हा सरकारकडून वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता असं सांगितलं गेलं. आबा चार दिवस जेवले नाहीत असं म्हणणार नाही, जेवले. पण प्रत्येक घासाला तो आकडा होता. "पंचेचाळीसच्या वाऱ्यात आमच्या बायलो कपडे सुकत घालतत रे!" तेव्हापासून वाडीत वाऱ्याचं माप बदललं. साधा वारा, पंचेचाळीसचा वारा, आणि खरा वारा.

इतिहास मात्र पक्का. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला बुडाली, गटारीचा दिवस. त्याच्या वीस वर्षं आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. आणि फयान वादळ आलं तेही २००९ च्या ११ नोव्हेंबरलाच. ही सांगड आबांना कुणी दाखवून दिली देव जाणे, पण दिली ती दिली. अकरा नोव्हेंबरला ते खाडीसुद्धा ओलांडत नाहीत. त्या दिवशी पलीकडच्या गावात लग्न निघालं तर आहेर पाठवतात.

फयानने या किनाऱ्याला खरंच हादरवलं होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नौका दर्यात होत्या, निरोप पोचवायला साधन नव्हतं, काही नौका परत आल्याच नाहीत. त्या वर्षापासून आबांनी नोव्हेंबर हा वैरी महिना ठरवला. दिवाळी संपली की सुंभ, नायलॉनची दोरी, नांगर, सगळं तपासून तयार. महिना बिनबोभाट गेला की तीस तारखेला रात्री समाधानाने बांगडा. आठ वर्षं हे चाललं. मग २०१७ साली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओखी आलं. दोऱ्या नुकत्याच गुंडाळून ठेवलेल्या. पौर्णिमेचं उधाण आणि ओखीच्या लाटा एकत्र आल्या आणि देवबागेत पाणी घराघरांत फिरलं. देवगड बंदर तर केरळ-तामिळनाडूच्या नौकांनी भरून गेलं, नऊशेच्या वर खलाशी आसऱ्याला. आबा एसटीने देवगडला गेले ते मदतीला म्हणून, आणि राहिले ते मोबाईल मध्ये धरून एका मल्याळी तांडेलाशी वाद घालायला. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. वाद दोन तास चालला आणि दोघांचंही समाधान झालं.

मग डिसेंबरची तयारी. तर २०१९ साली क्यार आलं ते ऑक्टोबरमध्ये, ऐन दिवाळीच्या तोंडावर, शेतात भात कापणीला आलेलं असताना. मग ऑक्टोबरची तयारी. तर निसर्ग आलं जूनमध्ये. त्याच्याबाबतीत आबांनी छातीठोकपणे मालवण सांगितलं होतं. ते गेलं रायगडाला, ३ जून २०२० ला. रायगडाचं झालं ते वाईटच झालं, आबांनीही हळहळ व्यक्त केली, पण वादळाने आपल्याला फसवलं हा भाव काही लपला नाही.

म्हणजे आबा कायम गेल्या वादळाच्या तयारीत असतात. या एका बाबतीत त्यांचं आणि सरकारचं जुळतं. बोटी हरवल्या की बिनतारी यंत्रांची चर्चा, विजेचे खांब आडवे झाले की तारा जमिनीतून न्यायची चर्चा. आबा त्यावरही पुढच्या शंकेसह तयार. "तारा जमनीत घालतले. मगे उधाणाचा पाणी खय जातला, मुंबैक?"

आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा. त्याला अनुसरून जिल्ह्याला प्राधिकरण, तालुक्याला आराखडा, गावाला समिती. समितीत आबा आहेत. निवड कशी झाली म्हणाल तर पहिल्या बैठकीला ते आले आणि उठलेच नाहीत. बैठक शाळेत भरते, आबा पहिलीच्या बाकावर बसतात आणि गुडघे हनुवटीला लागल्यामुळे त्यांचं प्रत्येक मत जरा दाबून आल्यासारखं वाटतं. गावाचा नकाशा भिंतीवर. त्यात धोक्याची घरं लाल रंगाने दाखवायची होती. पहिल्या बैठकीत कुणीच आपलं घर लाल करू देईना, होमस्टेवाले तर नाहीच नाही. मग कुणीतरी म्हणालं, लाल घरांना मदत आधी मिळते. दुसऱ्या बैठकीपर्यंत अख्खी वाडी लाल.

रंगीत तालीम झाली ती मात्र बघण्यासारखी. तालुक्याहून साहेब, नारिंगी जॅकेटातले प्रशिक्षित तरुण, स्ट्रेचर, रुग्णवाहिका. पुरात सापडलेला बेशुद्ध इसम म्हणून आबांची नेमणूक. आबांनी तरुणपणी दशावतारात संकासूर केलेला. त्यामुळे ते नुसते बेशुद्ध पडले नाहीत. आधी तोल गेला, मग हाक मारली, मग देवाला साकडं घातलं, मग पडले. स्ट्रेचरवर घेतल्यावर बेशुद्ध इसम म्हणाला, "डाव्या अंगान उचला रे, माझो गुडघो!" वाटेत त्यांनी उचलणाऱ्यांना माडांच्या रांगेतून जायचं की रस्त्याने यावर मार्गदर्शन केलं. साहेबांनी तीनदा सांगितलं, आबा, तुम्ही बेशुद्ध आहात. "मी बेसुद आसंय, मेलंय नाय." अहवालात 'तालीम यशस्वी' असं आलं. चहा आणि वडे झाले. शाळेतल्या कपाटात शिट्ट्या, दोऱ्या, जॅकेटं ठेवली गेली आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे दिली तो दर शनिवारी गावाला जातो.

पण आमच्या माणसाला घर सोडता येत नाही, असं कुणी म्हणू नये. शेजारच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा गावपळण असते. रामेश्वराचा कौल झाला की अख्खं गाव वेशीबाहेर पडतं. म्हातारी, तान्ही, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत. घरांना कुलपं, गावात चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावायचा, देव 'या' म्हणाला तर परत, नाही म्हणाला तर मुक्काम वाढला. चिंदरला, वायंगणीलाही ही रीत आहे. हजारो माणसं काही तासांत, एकही धक्काबुक्की न होता बाहेर. जगातले आपत्तीवाले पैसे देऊन असली तालीम करवून घेतील. कारण विचारलं तर कुणी भुतांचं सांगतो, कुणी हवापालटाचं. आणि तिथे कोणी "माझी म्हैस कोण बघतला?" असं विचारत नाही, कारण म्हैसही निघालेली असते. तहसीलदाराच्या आदेशात म्हशीचा उल्लेख नसतो. देवाने सांगितलं तर तीन दिवस उघड्यावर भजन करत राहणारा माणूस सरकारने सांगितलं तर तीन तास शाळेच्या पक्क्या खोलीत बसत नाही, याचं साहेबांना वाईट वाटतं. माझ्या मते त्यांनी म्हशीपासून सुरुवात करावी.

आता इंजिन.

वाडी आबांचं ऐकते, म्हणजे कान देते. संध्याकाळी रापणीच्या मांगराकडे गजाली रंगतात, तिथे आबांचं बुलेटिन होतं आणि लोक "होय तर" म्हणतात. पण बोलण्यावर कुणी पैज लावत नाही. बोलायला काय, मालवणी माणूस बोलतोच. लोक बघतात ते इंजिन कुठे आहे. होडीवरच असेल तर निर्धास्त. काढून खळ्यात आणून ठेवलं असेल तर खात्याच्या भाषेत पिवळा. पडवीत आलं आणि वर गोणपाट पडलं तर नारिंगी. आणि माळ्यावर चढलं तर लाल. याच्याही वरची एक पायरी आहे, इंजिन रिक्षात घालून लेकीकडे कुडाळला पाठवायची. ती अजून कुणी पाहिलेली नाही. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी वाडीला आदेशाची गरज पडायची नाही.

इंजिन का? कारण होडी जुनी आहे, घर बापाचं आहे, माड आजोबांचे आहेत. इंजिन तेवढं आबांनी स्वतः कर्ज काढून घेतलंय. तोंडाने माणूस काहीही म्हणेल. ज्याचे हप्ते भरले त्याच्याबाबतीत तो खोटं वागत नाही.

मे २०२१. टाळेबंदीचे दिवस. पंचायतीची रिक्षा सकाळी फिरायची ती 'घराबाहेर पडू नका' सांगत. १४ तारखेपासून तीच रिक्षा, तोच स्पीकर, 'सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करा' सांगू लागली. ध्वनिफीत बदलताना एकदा दोन्ही वाक्यं मागोमाग लागली आणि वाडीने दोन्हींतलं सोयीचं तेवढं पाळलं, म्हणजे काहीच केलं नाही. तोंडावर फडकी बांधलेल्या आबांनी मांगराकडे, एकमेकांपासून लांब लांब बसलेल्या श्रोत्यांना, तौक्ते वादळ का येणार नाही याची कारणं दिली. मे महिना आहे. वैशाखात दर्या असा वागत नाही. गाज अजून बसलेली आहे. खातं येणार म्हणतंय. "ता कर्नाटकात फुटतला नायतर भायरच्या भायर जातला. खात्याक सवय लागली हा भियांवची."

"आबानू, नक्की मां?"

"लिवन घे."

शनिवारी, १५ तारखेला, दिवेलागणीच्या आधी आबा आणि त्यांचा थोरला होडीकडे गेले. जास्त बोलले नाहीत. इंजिन सोडवलं, दोघांनी मिळून घरी आणलं, आणि ते खळ्यात थांबलं नाही, पडवीत थांबलं नाही. शिडी लावल्याचा आवाज आला. समोरच्या घरातलं पोर धावत सुटलं, "आये, आबाचा इंजिन माळ्यार चढला!"

पुढच्या तासाभरात वाडीत कुणी कुणाला काही सांगितलं नाही. होड्या वर, पार माडांच्या मुळापर्यंत ओढल्या गेल्या. जाळी आत आली. कौलांवरून दोऱ्या गेल्या, टोकांना जांभे दगड. दर्याला लागून असलेल्या चार घरांतल्या म्हाताऱ्या गोधड्या घेऊन शाळेकडे निघाल्या, आणि त्यांच्या मागे एक गाय. रिक्षावाला स्पीकर बंद करून स्वतःची रिक्षा कुठे लावायची ते शोधत होता.

आबांना मी नंतर छेडलं. तुम्ही तर येणार नाही म्हणत होता, मग इंजिन का चढवलंत? आबा म्हणाले, तो प्रश्न काकीला विचार. काकी म्हणजे आबांची बायको. मे महिन्यात आमच्याकडे आगोटीची बेगमी चाललेली असते. पावसाळ्याचे महिने दर्या बंद, जून-जुलैला तर कायद्यानेच बंदी, म्हणून उन्हात सुके बांगडे, सुंगटं, सोलं, कुळीथ, पडवीच्या कोपऱ्यात लाकडं. काकींचं सुकत घातलेलं म्हावरं शनिवारी दुपारी अंगणातून आत गेलेलं आबांनी पाहिलं होतं. काकी कशावरून आत नेतात हे विचारल्यावर त्या माझ्याकडे, हा शिकलेला का, अशा नजरेने बघत म्हणाल्या, "माशी बसाक लागली काय मी काढतंय. हवा ओली झाली. माका आणि काय कळता?"

म्हणजे वाडी इंजिनाकडे बघते, आबा म्हावऱ्याकडे बघतात आणि काकी माशीकडे. माशीच्या वर कोण आहे ते हवामान खात्याने शोधावं.

त्या रात्री देवळात गाऱ्हाणं झालं. गर्दी नको म्हणून मोजकीच माणसं. आबांनी नारळ पुढे ठेवला आणि सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तोंडाक फडकी बांदून, अंतर ठेवन तुझ्या पायाकडे उबी आसत, ती मानून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जा काय खालसून वर येता हा, खात्यान जेका रेड म्हटल्यान हा, तेका भायरच्या भायर काढ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"गुजरातेक जावचा आसात तर जांवदे, पण थयल्या लेकरांकव सांभाळ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि हयल्या कोणाच्या मनात आसात, दुसऱ्याची होडी बुडांदे नि माझी रवांदे, तर तेची बुद्धी फिरव म्हाराजा!"

या शेवटच्या 'होय'ला आवाज जरा कमी आला.

रविवारी, १६ मेला, ते आलं. किनाऱ्याला टेकलं नाही, बाहेरूनच गेलं, तरी जे केलं ते पुरे होतं. माड उसाच्या कांड्यासारखे मोडले. कौलं उडाली, खांब आडवे, वीज गेली ती कित्येक गावांत आठवडा उलटला तरी आली नाही. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि माणसं गेली. आबा दिवसभर पडवीच्या दाराआड स्टुलावर बसून होते. मोबाईलचा टॉवर गेल्यावर विंडीही गेलं. त्यांनी खात्याविषयी एक शब्द काढला नाही. दुसऱ्या रात्री ते गुजरातेत उनाजवळ किनाऱ्यावर चढलं. ही बातमी आमच्याकडे पोचली ती बऱ्याच उशिरा, कुणाच्या तरी गाडीतल्या रेडिओवरून.

पुढचे दिवस वाडी काकींच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या बेगमीवर जेवली. बर्फ नाही, होड्या दर्यात नाहीत, बाजार बंद. चुलीवर उकडा भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. मुंबईहून येऊन टाळेबंदीत अडकून पडलेल्या पोरांना पहिल्यांदाच कळलं की पाटा-वरवंटा शोभेला ठेवलेला नसतो.

आठवड्याने पंचनामे सुरू झाले. तलाठी घाटावरचा, तरुण, नव्यानेच इकडे आलेला, आणि सकाळपासून तीस घरं फिरून घामाने भिजलेला. शेजारच्या घरात त्याने बरंच लिहिलं. त्या शेजाऱ्याने होडी किनाऱ्याला तशीच ठेवली होती, जाळी होडीतच. दोन्ही गेलं, दोन्ही फॉर्मवर आलं. मग तो आबांच्या खळ्यात आला.

"आबा, होडीचं काय नुकसान?"

"कायच नाय. माडांत ओढलंय."

"जाळी?"

"आत होती."

"इंजिन?"

"माळ्यार."

"घर?"

"सात नळे. ते माझ्याकडे जादा आसत."

तलाठ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा हुशारी आली. एक घर तरी लवकर आटपलं. "झाडं?"

"दोन माड."

"झाडामागे अडीचशे रुपये मिळतील."

"अडीचशे?" आबांनी टॉवेल डोक्यावरून काढला. "अडीचशात तो आडवो माड कापूक येवचो माणूस खळ्यातसून परत जायत." मग ते जरा सावरून बसले आणि मुद्द्यावर आले. "ता ऱ्हवांदे. माका सांग, मी जा वाचवलंय, ता खय लिवतलंस?"

"म्हणजे?"

"होडी वाचली, जाळी वाचली, इंजिन वाचला, घर वाचला. सरकाराचे पैशे वाचले. तेचो पंचनामो खय?"

तलाठ्याने फॉर्म उलटा करून बघितला. खरंच बघितला, हे मी पाहिलं. "आबा, नुकसानीचा पंचनामा असतो. न झालेल्या नुकसानीचा रकाना नाही."

"मगे फुडच्या वेळाक मी पण होडी थयच ठेवतंय."

"असं कसं करून चालेल?"

"म्हंजे हुशार कोण, तो का मी?" आबांनी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं. शेजारी कुंपणापलीकडे उभा राहून कौलं मोजत असल्याचं दाखवत होता. त्याच्या घराला पत्रे आहेत.

काकी आतून पाणी आणि गूळ घेऊन आल्या. तलाठ्याने पाणी प्यायलं, गूळ खाल्ला, आणि इतक्या घरांत पहिल्यांदाच कुणीतरी खायला दिल्यामुळे असेल, जरा मवाळ झाला. साहेबांना सांगतो म्हणाला. मग त्याने होडी, जाळी, इंजिन या रकान्यांसमोर 'निरंक' लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

आबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, हात लांब करून कागद पूर्ण वाचला, पेन मागून घेतलं आणि 'निरंक'च्या पुढे कंसात, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'कारण इंजिन माळ्यावर होते.' खाली सही केली.

"आणि मोबाईल नंबर टाका," तलाठी म्हणाला, "मेसेज येईल."

"टॉवर खय आसा?" आबा म्हणाले.